कापणीचं अर्पण आणि फवारणीचं विष: नागपूरच्या एका मंडळीचं प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. त्यातली मंडळी (म्हणजे ख्रिस्ती चर्च), तिची कमिटी, तिचे हिशेब आणि तिचा पत्रव्यवहार कल्पित आहे. कायदे, तारखा, औषधं आणि शेतीची माहिती खरी आहे. नागपुरातल्या कुठल्याही मराठी मंडळीला उद्या याच वाटेने जावं लागेल, म्हणून ते तपशिलात मांडलं आहे.

मंडळी आणि ठराव

१८० कुटुंबांची मराठी मंडळी. बहुतेक घरं नोकरदार: रेल्वे, शाळा, पोस्ट, आणि दर तिसऱ्या-चौथ्या घरात एक नर्स. चाळीसेक कुटुंबांची मुळं यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या गावांत. काहींची शेती अजून नावावर आहे, ती भाऊबंद किंवा ठेक्याने दुसरे कसतात. नोव्हेंबरात कापणीचा सण होतो. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, संत्री मांडतात, आणि बोंडांसकट उपटून आणलेली पऱ्हाटी (कापसाची झाडं) दोन्ही बाजूंना उभी करतात. उपासनेनंतर लिलाव. त्या वर्षी लिलाव आणि अर्पण मिळून १,१२,००० रुपये जमले.

त्या रविवारचा संदेश बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातल्या पाचव्या अध्यायावर होता: शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी देवापर्यंत ओरडत जाते, हा त्याचा गाभा. तरुण संघाने विचारलं की आपण दरवर्षी हे पैसे रंगरंगोटी आणि खुर्च्यांवरच का घालायचे? जगात इतका अन्याय चालला आहे, त्यासाठी काही का नाही? मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीने दोन ओळींचा ठराव केला. रक्कम पुराने उद्ध्वस्त झालेल्या एका परदेशातल्या मंडळ्यांना पाठवावी, खजिनदारांनी व्यवस्था करावी. हेतू चांगला होता. गैरसमज एवढाच की जगाची चिंता म्हणजे जगाकडे पैसे रवाना करणं.

पैसे बाहेर का गेले नाहीत

खजिनदार बँकेत गेले आणि पहिल्याच खिडकीवर अडकले. रिझर्व्ह बँकेची एलआरएस योजना भारतात राहणाऱ्या व्यक्तींसाठी आहे. व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, त्यात देणगीही बसते. ट्रस्ट, भागीदारी संस्था आणि कंपनी यांना ही योजना लागू नाही. मंडळीचं खातं ट्रस्टचं.

दुसरी अडचण आयकराची. धर्मादाय ट्रस्टला मिळणारी करसवलत उत्पन्न भारतात खर्च करण्यावर टिकून असते. भारताबाहेर खर्च करायचा तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा आदेश आधी हवा. सव्वा लाखाच्या आतल्या रकमेसाठी एखादी मंडळी हा खटाटोप करील, असं वाटत नाही.

इथे बऱ्याच मंडळ्या एक आडवाट धरतात, ती या कमिटीतही सुचवली गेली. "सगळे सचिवांच्या यूपीआयवर टाका, ते स्वतःच्या नावाने पाठवतील." हे करू नये. ट्रस्टच्या नावाने गोळा केलेली रक्कम व्यक्तीच्या खात्यात गेली की ती रक्कम कुणाची, याचं उत्तर त्या व्यक्तीला द्यावं लागतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालच्या हिशेबात ती सापडत नाही, आणि लेखापरीक्षक नेमका त्यावरच बोट ठेवतो. ज्याला खरोखर द्यायचं आहे त्याने आपल्या पॅनवर, आपल्या खात्यातून, बँकेचा ए२ फॉर्म भरून स्वतंत्रपणे द्यावं. त्यावर देणगीची आयकर सूट मिळत नाही, हे आधी सांगून टाकावं. या मंडळीत ११ जणांनी तसं दिलंही. मंडळीचे १,१२,००० मात्र जागेवरच राहिले.

पाळकांनी डिसेंबरच्या बैठकीत प्रश्न उलटा मांडला. जगाच्या व्यापाराची कुठली साखळी आपल्या हातांतून जाते? हा प्रश्न विचारला गेला नसता तर प्रकरण खजिनदाराच्या शेऱ्यावर संपलं असतं. उत्तर वेदीपुढे उभं होतंच.

पऱ्हाटीमागची साखळी

२०१७ च्या पावसाळ्यात, जुलै ते ऑक्टोबर, यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसं दगावली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, हवा दमट होती, किडीचा जोर होता. पेट्रोलवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या नव्या पंपांचा फवारा बारीक धुक्यासारखा पडत होता आणि एका पंपात तीन-तीन, चार-चार औषधं मिसळली जात होती. उंच पिकात फवारा वर धरावा लागतो, आणि वर धरलेला फवारा तोंडावर, मानेवर, काखेत परत येतो.

त्या हंगामात वापरल्या गेलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस होतं, प्रोफेनोफॉस होतं, आणि डायफेनथ्युरॉनही होतं. डायफेनथ्युरॉन रसशोषक किडींवर, विशेषतः पांढऱ्या माशीवर चालतं. स्वित्झर्लंडने ते २००९ मध्येच आपल्या बाजारातून काढलं होतं. तरीही तिथून ते बाहेर विकलं जात होतं. १ जानेवारी २०२१ पासून स्विस सरकारने पाच कीडनाशकांच्या निर्यातीवर बंदी घातली. डायफेनथ्युरॉन आणि प्रोफेनोफॉस त्या पाचांत आहेत. म्हणजे जी वस्तू घरच्या शेतात नको ती परक्या शेतात चालते, हे धोरण कागदोपत्री तरी मागे घ्यावं लागलं. निर्यात थांबली म्हणजे औषध थांबलं असं नव्हे. ते भारतात तयार होतं, विकलं जातं, आणि भारताने २०२० मध्ये ज्या २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला त्यांत त्याचं नाव नव्हतं. त्या २७ पैकी मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रवाची नोंदणी रद्द करण्याचा आदेश २०२३ मध्ये निघाला.

सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळच्या ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने काही संस्थांनी स्विस कंपनी सिंजेंटाविरुद्ध, ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांखाली स्वित्झर्लंडमध्ये तक्रार केली, आणि बासेलच्या न्यायालयात भरपाईचा दावाही गेला. कंपनीने जबाबदारी नाकारली. त्याच वर्षी स्विस मतदारांपुढे एक प्रस्ताव होता: तिथे मुख्यालय असलेल्या कंपन्यांनी परदेशात माणसांचं किंवा निसर्गाचं नुकसान केलं तर त्यांना स्विस न्यायालयात जाब विचारता यावा. तिथल्या अनेक ख्रिस्ती मंडळ्यांनी या प्रस्तावाच्या बाजूने उघड काम केलं, चर्चच्या इमारतींवर फलक लावले. ५०.७ टक्के मतदारांनी होकार दिला, पण बहुसंख्य कॅन्टन (प्रांत) विरोधात गेले आणि प्रस्ताव पडला. मतदानाची तारीख २९ नोव्हेंबर २०२०. ही मंडळी ज्यात मोडते त्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआय) स्थापना नागपुरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली. आपण सुवर्णमहोत्सवाच्या प्रार्थना करत होतो त्याच दिवशी दूरच्या मंडळ्या यवतमाळच्या मजुरांशी थेट संबंध असलेल्या प्रश्नावर मत देत होत्या, आणि इथे कुणाला खबरही नव्हती. आम्हाला ही गोष्ट मनापासून टोचते.

कमिटीने काय ठरवलं

जानेवारीत नवा ठराव झाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब आणि राळेगाव तालुक्यांतली तीन गावं निवडली, कारण मंडळीच्या नऊ कुटुंबांची तिथे शेती किंवा नाती आहेत. रकमेची वाटणी अशी झाली: संरक्षक साहित्याचे ४० संच, दर संचाला १,१०० प्रमाणे ४४,०००. साठ एकरांसाठी एकरी दोन प्रमाणे १२० कामगंध सापळे (किडीच्या पतंगांना गंधाने ओढणारे) आणि प्रत्येकी चार ल्युअर (सापळ्यात लावायची गंधाची गोळी), मिळून १६,८००. विषबाधा झाली तर काय करायचं हे सांगणारी एक हजार कार्डं, ४,०००. नागपूरला मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात आणलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी २५,०००. प्रवासाला उरलेले २२,२००.

हंगामाचा हिशेब चुकला की सगळं चुकतं, आणि मंडळ्यांचा तो नेहमी चुकतो. कापणीच्या सणाला पैसे जमतात तेव्हा फवारणी संपलेली असते आणि वेचणी सुरू असते. पेरणी जूनच्या मध्यापासून, पहिली फवारणी जुलैअखेर, सगळ्यांत धोक्याचा काळ ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. जगभरच्या अनेक मंडळ्या १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ सृष्टीसाठी प्रार्थनेचा म्हणून पाळतात. विदर्भात तो काळ आणि पंप पाठीवर असण्याचा काळ जवळपास एकच आहे. म्हणून खरेदी मेपर्यंत, गावातल्या बैठका जूनमध्ये, आणि मंडळीतली प्रार्थना व संदेश सप्टेंबरात, असा क्रम लावला.

संच: काय बिघडलं

ऑगस्टअखेर पाहणी केली तेव्हा ४० पैकी ११ संच वापरात होते. उरलेले घरांत खुंटीला. एका मजुराने स्वयंसेवकाला सरळ सांगितलं, "भाऊ, हे सगळं घालून दोन पंप मारून दाखवा, मंग आमाले सांगा." तो बरोबर होता. दमट सप्टेंबरात प्लास्टिकचा एप्रन आणि बंद चष्मा घालून पंधरा-सोळा लिटरचा पंप पाठीवर घेतला की वीस मिनिटांत चष्म्यावर वाफ धरते आणि माणूस घामाने निथळतो. मग तो पहिल्यांदा चष्मा काढतो, नंतर मास्क.

वस्तूही चुकीच्या आल्या होत्या. पहिल्या खेपेत दवाखान्यात वापरतात तसले पातळ हातमोजे घेतले गेले, कारण जोडीमागे शंभरेक रुपये वाचत होते. तेलकट द्रवात विरघळवलेलं औषध त्यातून आरपार जातं. नायट्राइलचे, कोपराच्या अलीकडेपर्यंत येणारे मोजे हवेत. कापडी मास्क कोरडा असतो तोवर बरा, भिजला की विष नाकातोंडाशी धरून ठेवतो. घालण्याची रीतही कुणी शिकवली नव्हती. पीक उंच असेल आणि हात वर जात असेल तर बाही मोज्याच्या आत घालायची आणि मोज्याची कड बाहेर दुमडायची, म्हणजे ओघळ कडेत अडतो, काखेकडे जात नाही. पँट बुटाच्या आत खोचायची नाही, बाहेर सोडायची. आत खोचली तर पायावरून येणारा थेंबन्‌थेंब बुटात साचतो आणि पाय दिवसभर औषधात भिजतो.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, हा वेगळाच विषय. वरकरणी क्षुल्लक वाटतो, पण इथे तो टाळता येत नाही. फवारणीच्या मध्येच मजूर पन्नी उघडतो, त्याच हाताने खर्रा घोटतो आणि दाढेत धरतो. औषध पोटात जाण्याचा इतका सरळ रस्ता दुसरा नाही. "खर्रा सोडा" असं सांगून उपयोग झाला नाही. बांधावर साबण, पाण्याचा डबा आणि "आधी हात, मग पुडी" एवढंच सांगितलं, ते काही ठिकाणी पाळलं गेलं.

पण संचांची सगळ्यांत मोठी चूक वस्तूंची नव्हती. नऊ कुटुंबांमार्फत वाटप झालं, त्यामुळे बहुतेक संच शेतमालकांच्या घरी गेले. पंप पाठीवर घेणारे भूमिहीन मजूर यादीत आलेच नाहीत. जागतिक अन्याय निवारायला निघालेल्या मंडळीने गावातली जुनी उतरंड जशीच्या तशी वापरली होती. सप्टेंबरात यादी नव्याने केली. या वेळी मालकाला न विचारता सकाळी सहा वाजता शेतावर जो पंप भरताना दिसेल त्याचं नाव लिहिलं. तीन गावांत अशी ३१ नावं निघाली, त्यांपैकी २७ जणांच्या नावावर जमीन नव्हती.

पंपाचा हिशेब

हे मजूर घाई का करतात, दुपारी का फवारतात, वाऱ्याविरुद्ध का चालतात? विदर्भात फवारणीची मजुरी पुष्कळदा पंपामागे ठरते. या गावांत पंपाला ३५ रुपये होते. दिवसाला २० पंप मारले तर ७०० रुपये पडतात. जो वारा पडायची वाट पाहील, दहा वाजता थांबेल, मध्ये आंघोळ करील, त्याचे पंप कमी होणार आणि पोट मारलं जाणार. असुरक्षित काम दरातच बसवलेलं आहे. अशा दराखाली हातमोजे देणं म्हणजे मजुराला कमी मजुरीत सुरक्षित राहायला सांगणं. मंडळीला हे उशिरा, पण नीट कळलं.

सापळे

फवारणीच कमी झाली तर संचाचा प्रश्नच हलका होतो, म्हणून आमच्या मते १६,८०० रुपये हा या प्रकरणातला सर्वांत चांगला खर्च होता. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे वर टांगायचे. एका सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा फुलं-बोंडांत दहा टक्के नुकसान दिसलं, तरच औषधाचा विचार करायचा. एकरात वीस हिरवी बोंडं फोडून पाहायची. गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल दिसलं की ती डोमकळी, आत अळी असते. तोडून नष्ट करायची. त्याआधीच्या टप्प्यात पाच टक्के निंबोळी अर्क चालतो: पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्याने गाळायची, साबणाचा चुरा मिसळून एकूण १०० लिटर करायचं आणि त्याच दिवशी संपवायचं.

इथेही दोन गोष्टी फसल्या. दुकानदाराने अर्धे ल्युअर अमेरिकन बोंडअळीचे दिले. त्या गंधाला गुलाबी बोंडअळीचे पतंग येत नाहीत, सापळे रिकामे राहिले आणि शेतकऱ्यांनी "कीड नाही" असं समजून घेतलं. पुडक्यावर पेक्टिनोल्युअर लिहिलेलं पाहूनच घ्यायचं. शिवाय मे महिन्यात आणलेले ल्युअर नागपूरच्या उन्हाळ्यात मंडळीच्या पत्र्याच्या कपाटात पडून होते. ते थंड जागी ठेवावे लागतात, आणि लावताना हाताला तंबाखूचा वास नको. दुसऱ्या खेपेचे ल्युअर एका घरच्या फ्रिजमध्ये ठेवले, तेव्हापासून सापळे बोलू लागले. सापळे नीट चाललेल्या २३ एकरांवर हंगामात पाच फवारण्या झाल्या. शेजारी सात झाल्या.

कार्ड आणि केस पेपर

मंडळीजवळ सुरुवातीपासून असलेली आणि कमिटीच्या ध्यानातच न आलेली ताकद म्हणजे तिच्या नर्सेस. त्यांना मे महिन्यात बोलावलं, तेव्हा कार्डाचा मसुदा अर्ध्या तासात बदलला. पहिल्या मसुद्यात वचनं होती आणि "काळजी घ्या" होतं. नव्या कार्डावर एवढंच: घाम सुटतो, लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, उलटी होते, छाती भरते, तर काम तिथेच थांबवा. कपडे काढा, साबणाने आणि भरपूर पाण्याने पंधरा मिनिटं अंग धुवा, डोळ्यांत गेलं असेल तर डोळे तितकाच वेळ धुवा. उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. कुशीवर निजवा. १०८ ला फोन करा. बाटली, डबा किंवा पुडी सोबत न्या. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंगही दाखवला होता: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा.

बाटली नेणं का महत्त्वाचं, हे सिस्टरांनी गावातल्या बैठकीत समजावलं. ऑर्गॅनोफॉस्फरस गटाचं औषध असेल तर डॉक्टर ॲट्रोपिन आणि प्रालिडॉक्झिम देऊ शकतात. डायफेनथ्युरॉनला असा ठरावीक उतारा नाही, लक्षणं पाहूनच सांभाळावं लागतं. बाटलीशिवाय डॉक्टर अंदाजावर चालतो. आणखी एक गोष्ट घरच्यांना फसवते. ऑर्गॅनोफॉस्फरसच्या विषबाधेत रुग्ण सुधारल्यासारखा दिसतो आणि एक ते चार दिवसांत मानेचे व श्वासाचे स्नायू दुबळे पडू शकतात. "बरं वाटतंय, घरी नेतो" म्हणून ४० किलोमीटर आत नेलेला माणूस परत आणता येत नाही. २५,००० रुपयांतला मोठा भाग याच कारणासाठी गेला: तीन रुग्णांच्या नातेवाइकांना नागपुरात चार दिवस थांबता यावं म्हणून खोली आणि डबा.

आता कागद. विषबाधेची केस एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी केस) म्हणून नोंदली जाते. पहिल्या केस पेपरवर "विष प्राशन" लिहिलं गेलं आणि "फवारणी करताना" हे शब्द राहिले, की पुढे सगळीकडे तो माणूस आत्महत्या करणारा ठरतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा बसते आणि मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख रुपये मिळतात. आत्महत्या बसत नाही. म्हणून नातेवाइकाने भरती करतानाच, शांतपणे, कुठल्या शेतात, कुठलं पीक, किती वाजता, कुठलं औषध हे सांगायचं आणि ते लिहिलं गेलं का ते वाचून घ्यायचं. कृषी केंद्राचं पक्कं बिल हवं, त्यावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर हवा. तीन गावांत बिल मागण्याची सवय लावायला सगळ्यांत जास्त वेळ लागला, कारण उधारीवर माल घेणारा माणूस दुकानदाराकडे बिल मागायला कचरतो.

या योजनेची एक भिंत मंडळीला ओलांडता आली नाही. ती वहितीधारक शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातली एक व्यक्ती यांच्यासाठी आहे, वय १० ते ७५. अर्जाला सातबारा लागतो. यादीतल्या त्या २७ मजुरांजवळ तो नाही. पाठीवर पंप त्यांच्या, आणि अनुदान सातबाऱ्याला. कमिटीने तालुका कृषी अधिकाऱ्याला आणि आमदारांना निवेदन दिलं. पोच मिळाली.

गावात आपण कोण म्हणून जातो

जूनच्या पहिल्या बैठकीत कुणीतरी विचारलं, "चर्चवाले कशाले आले?" प्रश्न रास्त होता आणि आजच्या वातावरणात तो येणारच. मंडळीने ओळख लपवली नाही. पण वाटप ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, कृषी सहायकांच्या समोर केलं, नोंदवही उघडी ठेवली, आणि त्या ठिकाणी प्रार्थना, पत्रक किंवा वचन यांतलं काहीही ठेवलं नाही. तरुण संघातल्या दोघांना हे पटलं नाही, साक्ष लपवल्यासारखं वाटलं. पाळकांनी त्यांना सांगितलं की अडचणीतल्या माणसासमोर मदत आणि उपदेश एकाच हाताने धरला तर त्याला नाही म्हणायची सोय राहत नाही. आम्हाला हा निर्णय योग्य वाटतो.

पत्र

ऑक्टोबरात दोन पानी पत्र तयार झालं. ते धर्मप्रांताच्या कार्यालयामार्फत एका स्विस मंडळीला गेलं. सीएनआय आणि स्वित्झर्लंडची सुधारित मंडळी या दोन्ही जागतिक मंडळी परिषदेच्या सभासद आहेत, त्यामुळे वाट नवी पाडावी लागली नाही. पहिला खर्डा दयेची याचना करणारा होता. तो फाडला. दुसऱ्यात फक्त माहिती: गाव, तारीख, पीक, औषधाचं नाव आणि बॅच, भारतात कोण बनवतं, लेबल कुठल्या भाषांत आहे, अक्षर किती बारीक आहे, केस पेपरची नावं झाकलेली प्रत. प्रत्येक रुग्णाची लेखी संमती मराठीत, वाचून दाखवून. चेहऱ्यांचे फोटो नाहीत. शेवटी पैसे मागितले नव्हते, तीन प्रश्न होते. तुमच्याकडे बंद केलेलं औषध तुमच्या कंपन्यांच्या इथल्या शाखा बनवतात का? तुमच्या प्रतिनिधींना तुम्ही हे विचाराल का? उत्तर आम्हाला कळवाल का? कंपन्यांच्या जबाबदारीच्या नव्या प्रस्तावासाठी तिथे २०२५ मध्ये पुन्हा सह्या गोळा झाल्या होत्या, त्यामुळे प्रश्न वेळेवर गेला.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. प्रश्न पुढे नेतो, असं त्यांनी लिहिलं, आणि सोबत २,००० फ्रँक पाठवण्याची तयारी दाखवली. कमिटीला आनंद झाला. खजिनदारांना नाही. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली संस्था ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवूही शकत नाही, म्हणून "अमुकमार्फत घेऊ" ही पळवाटही बंद आहे. परदेशी नागरिकाने नागपुरात येऊन रुपयांत दिलेली देणगीसुद्धा परदेशीच धरली जाते. परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्डावर इथे येणाऱ्या नातेवाइकाची तीच गत. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून दिलेली देणगी तेवढी त्यात येत नाही. मंडळीने आभार मानून नकार कळवला आणि लिहिलं की ते पैसे तुमच्याकडच्या पाठपुराव्यावर खर्च करा. फेब्रुवारीत त्यांच्या एका प्रतिनिधीने संसदेत प्रश्न विचारल्याचं पत्र आलं.

पुढचा ठराव

मार्चच्या बैठकीत पाळकांनी जो ठराव मांडला तो सर्वांत अवघड होता. मंडळीच्या ज्या सभासदांची शेती आहे त्यांनी फवारणीची मजुरी पंपामागे न देता दिवसाला द्यावी: ७०० रुपये, कमाल १२ पंप, सकाळी दहापर्यंत आणि चारनंतर. खजिनदारांनी हिशेब फळ्यावर मांडला. एकराला १२ पंप लागतात. आजच्या दराने एका फवारणीला एकरी ४२० रुपये, नव्या दराने ७००. सात फवारण्यांचे २,९४० होतात, पाचांचे ३,५००. एकरी ५६० रुपये जास्त. सापळ्यांमुळे दोन फवारण्या वाचल्या तर त्यांच्या औषधाचे पैसे वाचतात, आणि ते ५६० पेक्षा जास्त भरतात. सापळे नीट लावले नाहीत तर मात्र फरक खिशातून जाणार.

१४ पैकी ११ जण हजर होते. सहा बाजूने, पाच विरोधात. विरोध करणाऱ्यांत ज्यांची शेती ठेक्याने दिलेली आहे ते होते. मजुरी ठेकेदार देतो, आम्ही त्याला कसं बांधायचं, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. एका मताच्या जोरावर नऊ कुटुंबांवर हे लादायचं नाही, असं पाळकांनी ठरवलं. तीन कुटुंबांनी स्वतःच्या कसणुकीतल्या आठ एकरांवर यंदापासूनच हा दर देण्याचं मान्य केलं. ठेक्याच्या जमिनीसाठी करारातच मजुरीचं कलम घालता येईल का, याचा मसुदा मंडळीतल्या दोन वकिलांनी मृगाच्या आधी आणायचा आहे, कारण ठेक्याचे व्यवहार पेरणीपूर्वी ठरतात.